घरात तीन जॅकेटं आहेत हो!

सांगलीत हेडसरांचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला की माझ्या पोटात गोळा यायचा. आता मी शिकवत नाही, ॲबर्डीनला येऊन तिसरा हिवाळा चाललाय, तरी मोबाइलवर लेकीच्या शाळेचा नंबर दिसला की तोच गोळा येतो. मागच्या मंगळवारी आला. कढईखालचा गॅस बंद केला आणि फोन घेतला.

पलीकडे गायडन्स टीचर होत्या. इथल्या सेकंडरीत प्रत्येक मुलामागे अशा एक बाई किंवा सर नेमलेले असतात. आपला विषय शिकवतातच, शिवाय वाट्याला आलेल्या पोरांचं रडणं-रुसणं, गैरहजेरी, घरचं-दारचं, सगळ्यावर त्यांची नजर. म्हणाल्या, ‘‘एक वी चॅट करू या का?’’ स्कॉटलंडात सगळंच ‘वी’, म्हणजे इवलंसं असतं. चहाही वी, चक्करही वी. दातांची डॉक्टर ‘वी जॅब’ म्हणाली की खुर्चीचा हात घट्ट धरायचा, एवढं मी शिकलेय.

वी चॅट अशी होती. गेले काही आठवडे तुमची मुलगी जॅकेटशिवाय शाळेत येतेय. ऑफिसजवळच्या कॉरिडॉरमध्ये एक रेल आहे, तिथे चांगली जॅकेटं टांगलेली असतात. ज्याला हवं त्याने न्यावं, कुणी विचारत नाही, नाव लिहून घेत नाही. तिला सांगून बघा. आणि घरी सध्या काही ओढाताण असेल तर अगदी मोकळेपणाने बोला.

ओढाताण हा शब्द कळेपर्यंत दोन सेकंद गेली. मग कानशिलं तापली.

घरात तीन जॅकेटं आहेत हो! एक जांभळं, आलो त्या वर्षीचं, आता मनगटाच्या वर चढलंय. एक पावसाचं. आणि तिसरं पिसं भरलेलं, टोपीला झालर असलेलं, सेलमध्ये नव्हे, पूर्ण किमतीला घेतलेलं. बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे. हे सगळं मी त्या बाईंना इंग्रजीत सांगितलं. बिलाचंसुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘ओह, दॅट्स लव्हली.’’ फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ज्यांच्या घरी खरंच जॅकेट नसतं ती माणसंही हेच सांगत असणार.

आता खरा प्रकार ऐका. रोज सकाळी मी दारात उभी राहून जॅकेटची चेन तिच्या हनुवटीपर्यंत ओढून देते. शाळा चालत वीस मिनिटं. बस आहे, आणि फुकट आहे. स्कॉटलंडात २२ वर्षांखालच्या सगळ्यांना ३१ जानेवारी २०२२पासून बस फुकट. पण मैत्रिणींबरोबर चालत जायचं असतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक मोठी पिवळी पेटी आहे, निसरड्या फुटपाथवर टाकायचं मीठ त्यात असतं. त्या पेटीआड गेलं की जॅकेट अंगातून बॅगेत. संध्याकाळी परत पेटीआड, बॅगेतून अंगात. दोन महिने! माझ्या हाताखालून नऊ वर्षांत कितीतरी मुलं गेली, कॉपीच्या चिठ्ठ्या मी कंपासपेटीच्या फटीतून काढल्यात, आणि घरच्या पोरीने मला असं गुंडाळलं.

कारणं तिने वकिलासारखी मांडली. शाळेत लॉकर नाहीत. दर तासाला वर्ग बदलतो, ते धूड काखेत घेऊन जिने चढायचे. वर्गात हीटर इतके की घाम येतो. आणि शेवटी खरं कारण, ‘‘आई, कुणीच घालत नाही गं.’’

हे मात्र खोटं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेटासमोर उभी राहिले. दोन अंश तापमान, उत्तर समुद्रावरून येणारं वारं हाडात शिरतंय, आणि पोरं शर्ट-टायवर, वर फार तर एक पातळ जंपर. एकाने तर बाह्या दुमडल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत हीच पोरं बाहेर चिप्स आणायला जातात, आणि डोक्यावर कोंबडीएवढे सीगल घिरट्या घालतात. पुडा उघडला की झडप. सीगलला घाबरतात, थंडीला नाही.

आणि अंधार. थंडीचं एक वेळ समजू शकते, पण अंधाराचं कुणी सांगितलं नव्हतं. २१ डिसेंबरच्या सुमारास इथे पावणेनऊला सूर्य उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. म्हणजे पोरगी जाते तेव्हा दिवे लागलेले, येते तेव्हाही दिवे लागलेले. ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या, असं सरकारच सांगतं. आपल्याकडे ऊन टाळायला शाळा सकाळची करतात, इथे उन्हाची गोळी घ्यावी लागते. गोळी घेते हो ती. कारण गोळी कुणाला दिसत नाही.

शेजारच्या आजीबाईंना हे सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. या इथल्याच, त्यांची बोली डोरिक. त्यात ‘व्हॉट’चं ‘फिट’ होतं आणि ‘व्हेअर’चं ‘फार’. पहिल्या वर्षी त्यांनी लेकीला विचारलं होतं, ‘‘फार्झ युअर जॅकेट, क्वाइन?’’ क्वाइन म्हणजे मुलगी. मला ऐकू आलं फार आणि जॅकेट. म्हटलं, या म्हणतायत जॅकेट फार झालं. तेव्हापासूनच विचारतायत बिचाऱ्या, आणि मी मान डोलावत होते.

त्या म्हणाल्या, आमच्या वेळी शाळेत कोट नव्हता, बेल्ट होता. बेल्ट म्हणजे कातड्याचा जाड पट्टा, टोकाला चिरलेला. हाताची ओंजळ पुढे करायची आणि मास्तर वरून हाणायचे. फाइफमधल्या लोखगेली गावचे पट्टे त्यासाठी नावाजलेले होते. सरकारी शाळांतून तो गेला १९८७मध्ये. ऐकून मला जरा बरंच वाटलं. आपल्याकडच्या छड्यांबद्दल हे लोक भुवया उंचावतात ना, म्हणून. मी स्वतः वर्गात पट्टी कधी उगारली नाही, असं इथे लिहिणार होते. राहू द्या. आता तर स्कॉटलंडात नोव्हेंबर २०२०पासून आईबापांनीही मुलावर हात टाकायचा नाही, असा कायदा आहे. म्हणजे जॅकेट घालायला लावण्याची जी एक खात्रीची पद्धत मला माझ्या आईकडून मिळाली होती, तीही बाद.

शेवटी तिचे हातमोजे निघाले ते एका मुलामुळे. डिसेंबर लागला की इथे पीटीच्या तासाला खेळ बंद आणि नाच सुरू. सोशल डान्सिंग म्हणतात. ख्रिसमसच्या कार्यक्रमासाठी सगळ्यांनी पारंपरिक नाच शिकायचे: स्ट्रिप द विलो, डॅशिंग व्हाइट सार्जंट आणि गे गॉर्डन्स. हे गॉर्डन्स म्हणजे इथल्याच भागात १७९४मध्ये उभी राहिलेली पलटण, गॉर्डन हायलँडर्स. तिच्यावरून नाचाचं नाव. मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या, आणि जोड्या लावून हात धरायचे. आमच्या गॅदरिंगला लेझीम असायचं, प्रत्येकाच्या हातात आपापलं लोखंड, कुणाचा हात धरायचा प्रश्नच नाही. तर जोडीदार मुलगा तोंडावर म्हणाला, तुझे हात मेलेल्या माशासारखे गार आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्या कपाटात हातमोजे शोधत होती. आईने दोन हिवाळे सांगितलं ते वारं, आणि त्याने एकदा सांगितलं तो मंत्र!

पण ती रेल काही डोक्यातून जाईना. शुक्रवारी लेक डबा विसरली. एरवी मी म्हटलं असतं, खा कँटीनमध्ये. त्या दिवशी लगबगीने डबा घेऊन निघाले. ऑफिसात सही केली, गळ्यात पाहुण्याची पट्टी अडकवली आणि काचेतून कॉरिडॉरमध्ये बघत बसले.

कपड्यांच्या दुकानात असते तशी चाकांची रेल. दहाबारा जॅकेटं, शाळेचे टाय, खाली ओळीने बूट, आणि एका टोकाला कार्यक्रमासाठी असावेत असे दोन चमचमते फ्रॉक. एक मुलगा आला, बारातेरा वर्षांचा. निळं जॅकेट काढून घातलं, बाह्या आखूड. परत हँगरवर नीट लावलं. काळं घातलं, चेन खालीवर करून बघितली, आणि खिशात हात घालून निघून गेला. घरच्या खुंटीवरचं काढून घालावं तसं. ऑफिसातल्या बाईंनी मान वर केली नाही. कॉरिडॉरमधल्या पोरांनीही नाही. मीच एकटी टक लावून बघत होते.

आणि मला सांगलीतला एक मुलगा आठवला. २०१९च्या महापुरात पाणी ओसरल्यावर शाळा सुरू झाली, तेव्हा एका पुढाऱ्याने वह्या वाटल्या. स्टेज, हार, नारळ, माइक. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्या मुलांची यादी मीच केली होती, नावंही माइकवर मीच पुकारली. एकेकाने वर यायचं, वहीवर हात ठेवायचा, फोटोसाठी थांबायचं. वहीच्या कव्हरवर त्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. दोन दिवसांनी माझ्या वर्गातल्या एका मुलाने सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं घालून आणली होती. एकसारखी, कडा दुमडून, चिकटपट्टी लावून. घरात चूल धड पेटत नव्हती तेव्हा त्याने तो खाकी कागद कुठून पैदा केला कोण जाणे. मी वर्गाला त्या वह्या उंच धरून दाखवल्या. म्हटलं, टापटीप कशी असते बघा. पोरगं बाकावर मान खाली घालून बसलं होतं. मला वाटलं, लाजतंय.

यावर कुणी लगेच ‘‘बघा, म्हणून तिकडचे लोक पुढे’’ म्हणू नये. त्याच महापुरात गावोगावहून भाकऱ्यांचे टेम्पो आले होते. कुठल्या बायकांनी पहाटे उठून थापल्या ते कधीच कळलं नाही, पेपरच्या कागदात बांधलेल्या, वर चटणी. त्या मीही खाल्ल्यात, आमच्याही घरात कमरेएवढं पाणी होतं. भाकरीवर कुणाचा फोटो नव्हता. आणि इथलं हे न विचारणं दर वेळी मायाच असतं असंही नाही. आमच्या गल्लीत चार घरं सोडून एक म्हातारा एकटा राहतो, त्यालाही कुणी काही विचारत नाही. शिवाय इतक्या पैसेवाल्या देशात शाळेला जॅकेटांची रेल ठेवावी लागते, हे काय भूषण आहे?

असं मी नवऱ्याला रात्री सुनावलं. तो म्हणाला, मग त्या बाईंवर राग कशाचा आहे? मी म्हटलं, राग नाहीच. पण निदान आधी घरी जॅकेट आहे का विचारायचं. तो म्हणाला, विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? नवरे कधीकधी गप्प असलेलेच बरे.

शनिवारी जांभळं जॅकेट धुतलं. तिला होत नाही, सांगलीला नेऊन तिथे कोण घालणार. लेक म्हणाली, मी रेलवर लावते. मग गळपट्टी उलटून बघून म्हणाली, ‘‘आई, हे असं नाही चालणार.’’ आत तिचं नाव होतं. आलो त्या वर्षी हरवू नये म्हणून मी पोपटी दोऱ्याने विणलं होतं, मराठीत, आडनावासकट, दुहेरी टाक्याने. कात्रीचं टोक घालून एकेक टाका उसवायला घेतला. साडेतीन वाजले होते, दिवा लावून बसावं लागलं. ‘ळ’ सुटता सुटत नव्हता.

सोमवारी ती पिशवी घेऊन निघाली. हातात मोजे, पिशवीत जांभळं जॅकेट, पिसांचं जॅकेट हनुवटीपर्यंत बंद. मी खिडकीत उभी राहिले. पिवळ्या पेटीपाशी पोचली, इकडेतिकडे बघितलं आणि चेन खाली ओढली.