सैतानाचा पूल आणि सुवोरोव्हची खेचरं

झुरिकला ताईकडे गेलं की जो तो म्हणतो टिटलिसला जा, युंगफ्राऊला जा. ते दोन्ही मागच्या खेपेला उरकलं होतं, त्यामुळे यावेळी मी म्हटलं आंडरमाटला जातो, तिथे सुवोरोव्ह नावाच्या एका रशियन सेनापतीचं स्मारक आहे. "स्वित्झर्लंडमध्ये रशियन? काय करायला आला होता?" ताई. म्हटलं फ्रेंचांशी लढायला. तिने तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या आणि वर भाच्यालाही माझ्या गळ्यात घातलं.

भाचा आला तो ट्रेनसाठी. गॉटहार्डच्या जुन्या लाइनवर वासेन गावाचं चर्च तीनदा दिसतं, आधी डोक्यावर, मग समोर, मग पार खाली, कारण रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरत वर चढतात. ग्योशेनेनला गाडी बदलून दात्यांच्या रुळावरच्या लाल गाडीने आंडरमाट आणि तिथून चालत शोलेनेनच्या घळीत. वाटेत उर्नरलोख नावाचा बोगदा, १७०८ सालचा, जेमतेम ६४ मीटर लांब, पण आल्प्समधला पहिला रस्त्याचा बोगदा तो हाच. पुढे एकदम रॉयस नदीचा आवाज, अंगावर तुषार, दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधे सैतानाचा पूल.

पुलाची गोष्ट भाच्याला आधीच माहीत होती, शाळेत सांगतात म्हणे. गावकऱ्यांना पूल जमेना, सैतान म्हणाला मी बांधतो पण पहिला जो ओलांडेल त्याचा जीव माझा, तर यांनी बकराच पुढे हाकलला. आत्ता दिसतात ते पूल १८३० आणि १९५८ चे, सुवोरोव्हच्या वेळचा १८८८ मध्येच पडला.

आणि मग कड्यात कोरलेला तो क्रॉस, १२ मीटर उंच, खाली रशियन अक्षरं. मी फोन धरून भाषांतर केलं आणि जरा चपापलोच. मला वाटत होतं हे सुवोरोव्हचं स्मारक, त्याचं नाव किताबांसकट ठसठशीत आहेही, पण लिहिलंय ते १७९९ मध्ये आल्प्स ओलांडताना मेलेल्या त्याच्या शूर साथीदारांसाठी. ते वाचल्यावर माझं त्याच्याकडे बघणंच थोडं बदललं.

लहानपणी हा पोरगा किडकिडीत, आजारी. बापाला वाटायचं सैन्य याच्या बसची गोष्ट नाही, पण हा घरातली युद्धाची पुस्तकं वाचत बसायचा, शेवटी पुश्किनच्या पणजोबांनी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या जनरल हानिबालने, बापाची समजूत काढली. हा गडी पुढे तुर्कांना रिम्निकला हरवतो, १७९० मध्ये इझमाइलचा किल्ला घेतो, गवतावर झोपतो, पहाटे कोंबड्यासारखा आरवतो असे किस्से. 'गोळी वेडी, संगीन बहाद्दर' हे त्याचंच. एकही मोठी लढाई हरला नाही म्हणतात. पण इझमाइल आणि वॉर्सोजवळचं प्रागा, दोन्हीकडे त्याच्या सैन्याने आत शिरल्यावर जी कत्तल केली ती विसरून नुसत्या टाळ्या वाजवणं मला तरी जमत नाही. पोलंडमध्ये त्याचं नाव कसं घेत असतील ते वेगळं सांगायला नको.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन वारली आणि नव्या झारला, पॉलला, सैन्यात प्रशियन थाट हवा होता, केसांना पावडर, वेण्या. सुवोरोव्ह म्हणाला म्हणे, केसांची पावडर म्हणजे बंदुकीची दारू नव्हे, आणि बसला घरी! १७९७ मध्ये बडतर्फ, खेड्यात नजरकैद. दोन वर्षांनी इटलीत फ्रेंचांपुढे कोणीतरी हवं म्हणून त्यालाच परत बोलावलं, तेव्हा वय सत्तरीच्या आसपास. त्याने काही महिन्यांत मिलान, त्रेब्बिया, नोवी सगळं मारलं, आणि मग रशियाच्या दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की आता स्वित्झर्लंडला जा.

इथून पुढचं सगळं वाचताना मला ऑफिसातलं नियोजन आठवत होतं. तावेर्नेला ऑस्ट्रियन लोक हजारावर खेचरं देणार होते. पोचला तर खेचरं नाहीत. पाच दिवस तिथेच गेले, शेवटी कोसॅकांना, म्हणजे त्याच्या घोडेस्वारांना, पायउतार करून त्यांच्या घोड्यांवर ओझी लादली. २४ सप्टेंबरला गॉटहार्ड खिंड, २५ ला हा बोगदा आणि हा पूल. लगतची एक कमान फ्रेंचांनी उडवलेली, ती म्हणे रशियनांनी फळ्या अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांनी बांधून पार केली. मी तिथे कठड्याला धरून उभा होतो तरी पोटात गोळा येत होता.

पुढे फ्ल्युएलेनला तळ्याकाठी आला तर रस्ताच नाही! प्लॅन करणाऱ्यांनी धरलेला रस्ता मुळात नव्हताच, तळ्याकाठचा रस्ता झाला १८६५ मध्ये, आणि होड्या फ्रेंचांकडे. मग किंत्सिग खिंड चढून मुओटाटालला, तिथे कळलं की ज्या दुसऱ्या रशियन सेनापतीला, कोर्साकोव्हला, भेटायचं तो झुरिकला आधीच मार खाऊन बसलाय. म्हणजे आता सुटका करून घ्यायची, एवढंच काम. ऑक्टोबरात ताज्या बर्फात २४०७ मीटरची पानिक्स खिंड, तोफा दरीत टाकल्या, माणसं घसरून गेली. सुमारे २१ हजार निघाले होते, पलीकडे उतरले १५ हजारांच्या आसपास. झारने जनरलिसिमो, म्हणजे सर्वोच्च सेनापती, केलं आणि काही महिन्यांतच पुन्हा मर्जी फिरवली, ठरलेलं जंगी स्वागत रद्द, आणि मे १८०० मध्ये म्हातारा पीटर्सबर्गमध्ये वारला. थडग्यावर एवढंच, इथे सुवोरोव्ह आहे.

पुऱ्या आम्ही क्रॉससमोरच्या दगडावर बसून खाल्ल्या, थंडीने कडक झालेल्या. भाचा बराच वेळ गप्प होता, मग विचारलंन, "मामा, मग ती खेचरं शेवटी आली का?"

आली रे. थोडी आली, उशिरा आली.