बंगळुरूला मुलांकडे राहायला जाताय? आधी लालबाग गाठा

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी बंगळुरू. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी उद्यान एक्स्प्रेस आहे, तिला जवळपास पूर्ण दिवस लागतो. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडे नोकरीला आहेत आणि आईवडील या गाड्यांनी जाऊन-येऊन असतात. परत आल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळं छान होतं हो, पण दिवसभर घरातच." मुलगा-सून सकाळी कामावर, आपण पंधराव्या मजल्यावर, आणि शनिवार-रविवारी मॉल. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते शहर पायी फिरणाऱ्या माणसाला भरभरून देतं. म्हणून थंडीत आम्ही दोघं व्हाइटफील्डला मुलाकडे राहायला गेलो ते जाण्याआधीच आखणी करून. ती इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मुलांच्या सुट्टीची वाट बघू नका. मेट्रोची पर्पल लाइन व्हाइटफील्डहून थेट शहराच्या मध्यात जाते. कब्बन पार्क, विधान सौध ही स्टेशनं त्याच लाइनवर आहेत. मॅजेस्टिकला गाडी बदलली की ग्रीन लाइन, आणि तिच्यावर चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज, लालबाग, जयनगर अशी जुन्या बंगळुरूची स्टेशनं ओळीने येतात. मॅजेस्टिकला बरंच चालावं लागतं, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. गुडघे दुखत असतील तर घाई न करता लिफ्ट शोधावी. पहिल्याच दिवशी मुलाकडून मेट्रोचं कार्ड करून घ्या, म्हणजे दर वेळी तिकिटासाठी फोन काढायला नको. ऑफिसच्या वेळा टाळा. आम्ही एक तर उजाडता निघायचो, नाही तर अकरानंतर. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, त्या दिवशी पहाटेचा बेत ठरवू नका.

दुसरी गोष्ट, एका दिवशी एकच भाग बघा. नकाशावर दोन ठिकाणं जवळ दिसतात आणि मधल्या सिग्नलांवर तास जातो. सकाळी बाग, तिथेच जवळ नाश्ता, मग त्याच भागातलं एखादं देऊळ, बाजार किंवा संग्रहालय, आणि दुपारच्या जेवणाला घरी. संध्याकाळचा कार्यक्रम असेल त्या दिवशी सकाळी बाहेर पडायचं नाही. साठीच्या पुढच्या माणसांना हे गणित झेपतं.

आणि सुरुवात लालबागेपासूनच करावी, हा माझा आग्रह आहे.

लालबाग स्टेशनवर उतरलं की पश्चिमेचं फाटक चालत गाठता येतं. बाग सकाळी सहाला उघडते. २४० एकरांचा पसारा आहे, एका फेरीत उरकायच्या फंदात पडू नये. १७६० मध्ये हैदरअलीने ही बाग सुरू केली, टिपूने परदेशातून रोपं आणून ती वाढवली, आणि पुढे इंग्रजी अमदानीत ती वनस्पतीउद्यान म्हणून नावारूपाला आली. मधोमध काचघर आहे, त्याची पायाभरणी १८८९ मधली. लोखंडी सांगाडा आणि काचा, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर. ते जॉन कॅमेरॉन या अधीक्षकाच्या काळातलं. बंगळुरूच्या भाजीबाजारात चायोटे नावाची हिरवी, सुरकुतलेली, पेरूएवढी भाजी दिसते, तिथे तिला सीमे बदनेकाई म्हणतात, ती या शहरात आणण्याचं श्रेयही कॅमेरॉनलाच देतात. सुनेने तिची हरभऱ्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी केली. दुधीसारखी शिजते, पण पाणी कमी सुटतं. आणून बघाच.

काचघर बघून लोक परत फिरतात. तसं करू नका. पूर्वेच्या अंगाला एक मोठा उघडा खडक आहे, त्यावर केंपेगौडाची छोटी गढीवजा बुरुजी. सोळाव्या शतकात शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या घराण्याशी जोडलेले असे चार बुरूज शहरात आहेत, त्यांतला हा एक. पण खरी गोष्ट पायाखाली आहे. तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलेला. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. लहानपणापासून काळा पाषाण म्हणजेच सगळ्यांत जुनं असं मनात बसलेलं असतं, आणि तिथे त्याच्या कित्येक पट जुन्या करड्या खडकावर पोरं सायकलची चाकं घसरवत असतात. यांनी त्यावर बराच वेळ हात ठेवला होता. चढ सोपा आहे, पण दव पडलेलं असताना घसरतं. रबरी तळव्याचे बूट हवेत.

नंतरच्या फेऱ्यांत झाडं बघितली. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. सावरीच्या जातीचं एक अजस्र झाड आहे, त्याच्या मुळांच्या भिंती माणसाच्या उंचीच्या. तळ्याच्या काठाने दक्षिणेकडे गेलं की गर्दी एकदम कमी होते आणि पक्षी दिसू लागतात. तिथल्या बाकांवर रोज येणाऱ्या बायका बसतात. मी दोन-तीन कन्नड शब्द पाठ केले होते: किती याला एष्टु, कुठे याला एल्लि, पुरे याला साकु. तेवढ्यावर एका आजींशी ओळख झाली. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं की खरे टॅबेबुया, म्हणजे गुलाबी-पिवळ्या फुलांची ती झाडं, बघायचे तर जयनगरच्या रस्त्यांवर जा.

टॅबेबुयांचं सांगायलाच हवं, कारण या शहराचा दौरा फुलांच्या पंचांगावर बेतता येतो. गुस्ताव्ह क्रुम्बिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ इथे होऊन गेला. इंग्लंडच्या क्यू उद्यानात काम करून तो १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे आला आणि १९०८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्याला बंगळुरूला बोलावून घेतलं. रस्त्यांच्या कडेला अशी झाडं लावायची की एकीचा बहर ओसरला की दुसरी फुलेल, वर्षभर शहरात कुठे ना कुठे रंग असेल, ही त्याची कल्पना. पुढे १९८०च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वन अधिकाऱ्याच्या काळात रस्तोरस्ती लाखो झाडं लागली. त्याचं फळ आज असं दिसतं: नोव्हेंबरपासून गुलाबी टॅबेबुया, त्यांचा जोर जानेवारीतही, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळे टॅबेबुया आणि मागोमाग नीलमोहर, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर आणि सोनमोहर. एकेका झाडाचा बहर आठ-दहा दिवसांत ओसरतो, म्हणून मुलांना आधी विचारून तारखा पक्क्या करा. तिकीट काढताना विमानाचे दर बघतो तसं झाडांचंही बघावं. माझं मत विचाराल तर फेब्रुवारी उत्तम. दिवसा ऊन बेताचं, सकाळ-संध्याकाळ एक पातळ स्वेटर पुरतो.

लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन वर्षातून दोनदा असतं, प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. काचघरात फुलांची मोठी आरास करतात. सुंदर असतं, पण गर्दी अफाट. जायचं तर मधल्या वारी, फाटक उघडल्या उघडल्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि शनिवार-रविवार टाळा. आणि पहिली भेट प्रदर्शनाच्या दिवसांत देऊ नका, बाग दिसतच नाही.

बागेच्या मुख्य फाटकाकडून बाहेर पडलात तर जवळच एमटीआर हे उपाहारगृह आहे, १९२४ पासूनचं. रवा इडली तिथेच जन्मली असं सांगतात. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी.

लालबागेनंतर बसवनगुडी. नॅशनल कॉलेज स्टेशनवर उतरून गांधी बाजारापर्यंत चालत जावं. पुण्याच्या सदाशिव पेठेतून आलेल्याला इथे परकं वाटणार नाही. फुलांचे ढीग, पूजेचं साहित्य, पुस्तकं, फिल्टर कॉफी. १९४३ पासूनच्या विद्यार्थी भवन या उपाहारगृहाचा डोसा जाड आणि कुरकुरीत असतो, आपल्याकडच्या पातळ डोशाची अपेक्षा ठेवू नये. पुढे मोठ्या नंदीचं देऊळ, दोड्ड बसवण्ण, एकसंध दगडातला प्रचंड नंदी, आणि बाजूला ब्यूगल रॉक ही खडकाळ बाग. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. नंदीला नव्या पिकाच्या शेंगा वाहतात आणि सगळा बुल टेंपल रोड शेंगांच्या राशींनी भरून जातो. कर्नाटकातला कार्तिक आणि आपला एकच, दोघेही अमावास्येला महिना संपवतो, त्यामुळे कालनिर्णय बघून तारीख काढता येते.

याच भागात एक संस्था आहे जिच्यासमोर मराठी माणसाने दोन मिनिटं थांबावं. गोखले सार्वजनिक विचार संस्था. आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने ती डी. व्ही. गुंडप्पा या थोर कन्नड लेखकाने १९४५ मध्ये काढली. ग्रंथालय आहे, व्याख्यानं होतात, बरीचशी कन्नडमध्ये. त्याच सालची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चरही बसवनगुडीतच आहे. तिथे संध्याकाळी संगीताचे आणि नृत्याचे कार्यक्रम असतात, प्रेक्षक बहुतेक आपल्या वयाचे. गाण्याला भाषा आड येत नाही, जाऊन बसा. रामनवमीच्या दिवसांत गेलात तर चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव असतो, १९३९ पासून चालत आलेला. आजूबाजूच्यांबरोबर ताल धरता धरता कर्नाटक संगीत कानात बसायला लागतं.

नाटकवेड्यांसाठी जे. पी. नगरमधलं रंगशंकरा हे नाट्यगृह. कन्नड अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये उभं केलेलं. दोघांचंही सुरुवातीचं नाट्यकाम मुंबईतलं, मराठी रंगभूमीशी जोडलेलं. सोमवार सोडून बहुतेक रोज नाटक असतं, कन्नड, इंग्रजी, हिंदी आणि अधूनमधून मराठीही. वेळेचा नियम कडक आहे. दार बंद झालं की कोणालाच आत घेत नाहीत, आणि तो नियम मला फार आवडला. तासभर आधी पोहोचा, तिथल्या कॅफेत अक्की रोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची भाकरी, खा. व्हाइटफील्डहून जायचं तर मात्र परतीचं बघून ठेवा, रात्री शेवटची मेट्रो चुकली की टॅक्सीला भरपूर पैसे पडतात. आम्ही त्या दिवशी मुलाला ऑफिसमधून थेट तिकडेच बोलावलं.

कब्बन पार्क व्हाइटफील्डकरांना सगळ्यांत सोपं, गाडी बदलायची गरज नाही. १८७० मध्ये रिचर्ड सँकीने आखलेलं हे उद्यान. लाल रंगाचं उच्च न्यायालय, तितकंच लाल मध्यवर्ती ग्रंथालय, मोठे पर्जन्यवृक्ष आणि बांबूची बेटं. रविवारी आतल्या रस्त्यांवर वाहनं बंद असतात. शनिवारी सकाळी ‘कब्बन रीड्स’वाले गवतावर चटया टाकून आपापलं पुस्तक मुकाट्याने वाचत बसतात. कोणीही जाऊन बसावं, नावनोंदणी नाही, भाषेची अट नाही. मी मराठी कादंबरी घेऊन बसले. शेजारच्या मुलीने उठताना कोणतं पुस्तक म्हणून विचारलं आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या. कस्तुरबा रोडच्या बाजूला सरकारी संग्रहालय आहे. तिथे आतकूरचा दहाव्या शतकातला शिलालेख आहे, रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याच्या स्मरणार्थ कोरलेला. नातवंडांना जरूर दाखवा. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि निघण्यापूर्वी उघडं असल्याची फोनवर खात्री करून घ्या.

मल्लेश्वरमलाही एक सकाळ द्या. काडू मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांशी जोडलेलं आहे. बंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती हे आपण शाळेत शिकतो, ते तिथे उभं राहिल्यावर खरं वाटायला लागतं. समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून लिंगावर पाण्याची धार पडते. मग आठव्या क्रॉसचा बाजार आणि सीटीआर या उपाहारगृहाचा लोण्याचा डोसा.

रोजच्या राहण्याबद्दल थोडं. फळं-भाजीसाठी हॉपकॉम्सची दुकानं शोधा, ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, दर पाटीवर लिहिलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत अवरेकाई म्हणजे ओले पावटे मिळतात, त्या दिवसांत उपम्यापासून सांबारपर्यंत सगळ्यांत तेच. बीएमटीसीच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, साध्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवास आहे, पण त्यासाठी कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. आपलं महाराष्ट्राचं आधार चालत नाही, तिकीट काढावं किंवा दिवसाचा पास घ्यावा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर पाऊस कोसळतो आणि रस्ते तुंबतात, त्या महिन्यांत बाहेरची कामं सकाळीच उरकून घ्या. आणि मुलाच्या सोसायटीतल्या इतर आईवडिलांना विचारा. आमच्याच इमारतीत तेलुगू, बंगाली, हिंदी बोलणारी आमच्यासारखीच जोडपी होती. दुसऱ्या आठवड्यापासून लालबागेला आम्ही सहाजण जायला लागलो. आता आम्ही परत आलोय, तरी त्या चौघांचं जाणं चालू आहे, आणि दर बुधवारी सकाळी फोनवर झाडांचे फोटो येतात.