तुकडा खालून निघाला

माझ्या गिटारचा आर्म, म्हणजे दाबून सूर खाली न्यायची दांडी, तुटला. मागच्या वेळी नवा आर्म बसवल्यावर "आता सीझन आरामात निघतो" असं मी लिहिलं होतं, ते वाक्य खोडून टाका.

भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रात्रभर नाटकं असतात. तिसऱ्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकात खलनायक वाड्यात शिरतो, तिथे मी नेहमीसारखा आर्म दाबला आणि तो हातातच आला. सूर खाली गेलाच नाही. खलनायकानं एक पाय उंबऱ्यात ठेवून माझ्याकडे पाहिलं. ऑर्गनवाल्या भाऊंनी खर्जातला एक सूर धरून वेळ मारून नेली, आणि चहाच्या वेळी मला तेवढंच ऐकवलं: "आमच्या पेटीले मींड नाही म्हणून हसत होतास ना?"

घरी येऊन तुटलेलं टोक बॅटरीच्या उजेडात पाहिलं. तुटला तो पहिल्या आट्याशीच, जिथे गुळगुळीत दांडी संपते आणि आटे सुरू होतात. पण तोंड सारखं नव्हतं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी. उरलेला भाग खडीसाखर फोडल्यासारखा चकचकीत. म्हणजे चीर जुनीच होती आणि रोज थोडी थोडी आत सरकत होती. त्या रात्री तुटला तो फक्त शेवटचा चकचकीत भाग.

चीर का पडली, याचं उत्तर माझ्याच जुन्या नोंदीत आहे. "नवा आर्म बसला, किंचित हलतो, टेफ्लॉन टेप गुंडाळला." वाचून लाज वाटली. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तेव्हा आर्म ४.८ मिमी भरला. म्हणजे तो अमेरिकन इंची मापाच्या, १०-३२ आट्यांचा. माझा ब्लॉक, म्हणजे गिटारच्या आतला ज्यात आर्म फिरवून बसवतात तो धातूचा ठोकळा, एम-५ चा, म्हणजे ५ मिमी मेट्रिक आट्यांचा. १०-३२ मध्ये दोन आट्यांतलं अंतर ०.७९४ मिमी, एम-५ मध्ये ०.८. इतका कमी फरक, की तो शेवटपर्यंत सुरळीत फिरत जातो आणि आपल्याला वाटतं बसला. बसत नाही, आत डुलतो. प्रत्येक दाबाला तो पहिल्या आट्यावर मागेपुढे वाकतो, आणि तार सारखी वाकवून तोडतात तसा एक दिवस तुटतो. ज्या ऑनलाइन दुकानातून मागवला त्यानं "सर्व गिटारला चालतो" असं लिहिलं होतं. असा आर्म जगात नाही. आशियात बनलेल्या स्वस्त गिटारींना बहुधा एम-५ लागतो, मेक्सिकोत बनलेल्या फेंडर कंपनीच्या गिटारला एम-६, अमेरिकनला १०-३२. मागवण्याआधी मोजा. आट्यांतलं अंतर मोजायचं पिच गेज नसेल तर एम-५ चा साधा नट आर्मवर फिरवून पाहा: खडखडला तर समजून जा.

आता खरं दुखणं. तुकडा ब्लॉकच्या तोंडापासून तीन मिमी आत राहिला होता. पक्कड पोचत नाही, करवतीनं खाच पाडता येत नाही. तारा काढल्या, स्प्रिंगा काढल्या, वरच्या प्लेटचे तीन स्क्रू काढून ब्लॉक सुटा केला. पहिल्या दिवशी सुई आणि हातोडीनं कडेकडेनं टोचून फिरवायचा प्रयत्न केला. जस्ताचा ब्लॉक मऊ, त्याचीच कड चेपली. दुसऱ्या दिवशी तुकड्याला मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला स्क्रू ओढून काढायचं हत्यार) घातला. अडीचशे रुपयांचा पाच नगांचा सेट, डबी फार सुंदर. पाव फेरा फिरला आणि एक्स्ट्रॅक्टरच मोडला. आता आत तुकडा, आणि तुकड्याच्या पोटात काचेसारखा कडक एक्स्ट्रॅक्टर, ज्यावर कुठलंच साधं ड्रिल चालत नाही. दोन दिवस मी ब्लॉककडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी ब्रह्मपुरीला लेथवाल्या काकांकडे गेलो. धानाची मळणी चालू, राईस मिलवाले शाफ्ट घेऊन रांगेत उभे, आणि माझ्या हातात काडेपेटीएवढा ब्लॉक. काकांनी तो उलटा केला, पालथा केला, म्हणाले, "वरून काहाले भांडतेस गा? खालून जा ना."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. तुकडा वरून काढायचा तर डावीकडे फिरवावा लागतो. ड्रिल उजवीकडे फिरतं, म्हणून वरून भोक पाडताना आपण तुकडा आणखी आवळतच असतो. पण ब्लॉक पालथा घालून खालून ड्रिल घातलं, तर तेच उजवीकडचं फिरणं तुकड्याच्या दृष्टीनं सुटायच्या दिशेचं होतं. आर्मचं भोक बंद तळाचं असतं, त्या तळातूनच जायचं.

ब्लॉक व्हाइसमध्ये पालथा धरला, वरच्या भोकाचा मध्य बघून खाली खूण केली, ४.२ मिमीचं ड्रिल, रॉकेलचे दोन थेंब. आधी जस्ताचे मऊ कुरळे छिलके येत होते. मग आवाज बदलला, ड्रिलनं लोखंड पकडलं, एकदा कचकन आवाज झाला. काकांनी मशीन बंद करून ब्लॉक उचलला तर तुकडा दुसऱ्या बाजूनं तोंड बाहेर काढून बसलेला, एक्स्ट्रॅक्टरसकट. उरलेले दोन आटे मी बोटांनी काढले. तो तुकडा आता माझ्या पिकच्या डबीत आहे. काकांनी वीस रुपये घेतले, आणि रांगेतल्या एका मिलवाल्यानं "हे गिटारीचं होय का?" म्हणून तो हातात घेऊन पाहिला.

मूळ बेत नवा एम-५ आर्म आणायचा होता. पण भोक मोकळं झालंच आहे तर एम-६ का नको? आट्यांच्या तळाशी एम-५ ची जाडी सुमारे ४ मिमी, एम-६ ची पावणेपाच. ऐकायला काहीच नाही, पण वाकायला होणारा विरोध व्यासाच्या घनावर जातो, म्हणजे ताकद दीडपटीहून जास्त. ५ मिमीचं ड्रिल वीस मिमी खोल, मग टॅपचे, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराचे, तिन्ही नग क्रमानं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. घाई केली तर जस्त भुगा होऊन आट्यांत अडकतं. वरच्या प्लेटचं भोकही गोल कानशीनं थोडं मोठं करावं लागलं.

आणि आर्म? विकत घेतलाच नाही. एम-६ चा १५० मिमी लांब हाय-टेन्साइल बोल्ट, डोक्यावर ८.८ लिहिलेला. पहिला ८ म्हणजे ताण सोसायची ताकद ८०० मेगापास्कल, आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा वाकत नाही. शिवाय अशा बोल्टचे आटे बहुधा कापलेले नसतात, दाबून काढलेले असतात. त्यामुळे पुन्हा पुन्हा वाकण्यात ते जास्त टिकतात. डोकं कापलं, आट्यांना ओलं फडकं गुंडाळलं, मधला भाग गॅसवर लाल करून पाइपवर वाकवला. वाकवल्यावर पाण्यात बुडवू नका, ठिसूळ होतो. आपोआप गार होऊ द्या.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. लिहिता लिहिताच लक्षात आलं की मी जाडी वाढवली, पण वाकण्याची जागा तीच ठेवली: ब्लॉकच्या तोंडावरचा पहिला आटा. सोमवारी परत काकांकडे. भोकाच्या तोंडाचे वरचे पाच मिमी ६ मिमीच्या ड्रिलनं मोकळे केले, म्हणजे तिथे आटे नाहीत, बोल्टची गुळगुळीत दांडी टेकते. वाकण्याचा जोर आता तिच्यावर येतो. बोल्टची दांडी पूर्ण ६ मिमी नसते, थोडी कमीच असते, म्हणून तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा दिला. आणि खालून पाडलेलं ते भोक फुकट गेलं नाही. त्यात एम-५ चा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आणि वर जुनी बारीक स्प्रिंग. आटे जिथे संपतात तिथे आर्म आवळून बसायच्या आधीच स्प्रिंग त्याला थांबवते, आणि किती सैल फिरायचा ते ग्रब स्क्रूनं ठरतं. हे वरून कधीच सुचलं नसतं.

जाता जाता एक: या आर्मला सगळे ट्रेमोलो म्हणतात, ते चूकच. ट्रेमोलो म्हणजे आवाज कमीजास्त होणं, सूर हलणं म्हणजे व्हिब्रॅटो. १९५४ च्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारपासून हे नाव चिकटलंय, आता कोण बदलणार.

एकच खोट राहिली. १५० मिमी कमी पडला, टोक करंगळीपासून दोन बोटं दूर राहतं. ऑर्गनवाल्या भाऊंनी त्यांच्या जुन्या पेटीची एक लाकडी खुंटी काढून दिली आहे. तिला आतून सहाचं भोक पाडून अ‍ॅराल्डाइटनं बसवली, रात्रभर सुकतेय. शुक्रवारी वडशाकडे प्रयोग आहे. दुसरा बोल्ट वाकवून बॅगेत टाकलाय, आणि ग्रब स्क्रूची ॲलन की गिटारच्या मागच्या कव्हरला टेपनं चिकटवली आहे.