लांब शॉकअपची चॉपर घेऊन इंदूर ते महेश्वर

इंदूरहून महेश्वरला जायला दोन वाटा आहेत. एक महूवरून बडगोंदा, जाम दरवाजा, मंडलेश्वर अशी जाते. दुसरी एबी रोडनं (आग्रा-मुंबई हायवे) राऊ, मानपूर, घाट उतरून गुजरी, धामनोद आणि तिथून डावीकडे महेश्वर. साधी मोटारसायकल असेल तर पहिली घ्या, विचारूच नका. अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दरवाज्यातून खाली निमाड दिसतं, पावसाळ्यात तर ढग अंगावरून जातात. पण गाडीचं पुढचं चाक तुमच्यापेक्षा बरंच आधी वळणावर पोचत असेल, तर मुकाट्यानं एबी रोड धरा. जामच्या घाटातली आखूड वळणं चॉपरला, म्हणजे पुढचे शॉकअप लांब करून चाक पुढे नेलेल्या गाडीला, एका दमात घेता येत नाहीत. समोरून बस आली की अर्ध्या वळणात थांबावं लागतं, आणि उतारावर अर्ध्या वळणात थांबलेली चॉपर सावरणं म्हणजे दोघांचं काम.

गाडी मामेभावाची. त्याला सगळे दादाच म्हणतात. रॉयल एनफील्डची जुनी थंडरबर्ड, इंजिनला हात लावलेला नाही, बाकी जवळपास सगळं बदललेलं. इंदूरच्या रामबागेत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा समोरच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "अरे, चाक एवढं पुढे कशाला नेलंस? ते काय पळून जाणार आहे?" प्रश्न चुकीचा नव्हता. बहुतेक लोक शॉकअप किती लांब करायचा एवढंच ठरवतात. लांबी दिसते म्हणून. गाडी नीट चालेल की नाही हे मात्र मानेचा, म्हणजे हँडलचा दांडा फिरतो त्या चेसीच्या नळीचा, कोन आणि ट्रेल ठरवतात.

ट्रेल म्हणजे काय ते गॅरेजच्या फरशीवर समजून घ्या. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, त्याची रेघ तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवा. पुढच्या चाकाच्या आसापासून ओळंबा सोडा. रेघ जमिनीला टेकते ती जागा पुढे आणि ओळंब्याची जागा मागे असायला हवी. त्या दोन खुणांमधलं अंतर हा ट्रेल. त्याच्यामुळेच चाक आपणहून सरळ राहतं. रेघ ओळंब्याच्या मागे पडली तर ती गाडी रस्त्यावर आणूच नका.

आता आकडे. पुढे १९ इंची चाक, म्हणजे टायरसकट त्रिज्या सव्वातीनशे मिलिमीटर. टी म्हणजे शॉकअप मानेला धरून ठेवणारा तुकडा; तिचा ऑफसेट, म्हणजे मानेच्या रेघेपासून शॉकअप किती पुढे, ६० मिलिमीटर धरू. मान उभ्या रेघेपासून २७ अंशांवर असेल तर ट्रेल ९८ मिलिमीटर येतो, साध्या गाडीला छान. तीच मान कापून ३८ अंशांवर नेली की ट्रेल १७८ होतो. अशी गाडी हायवेवर रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते आणि गल्लीत हँडल हातातून निसटून एका बाजूला पडतं. मग तीन अंशांची वाकडी टी लावायची. तिच्यामुळे चाक थोडं पुढे जातं आणि ट्रेल सव्वाशेच्या खाली येतो. दादाची गाडी अशीच आहे: मान ३८, टी ३, शॉकअप मूळ मापापेक्षा सहा इंच लांब. एकूण कोन ४१ अंश झाल्यामुळे पुढून गाडी उचलली गेली नाही, चेसी जवळपास पाणसळीत राहिली. दोन चाकांतलं अंतर मात्र नऊ इंचांनी वाढलं.

उलटा प्रकार जास्त पाहायला मिळतो. मान कापायचा खर्च आणि भानगड नको म्हणून नुसती पाच अंशांची टी आणून लावतात. गाडी उभी असताना झकास दिसते. पण मान २७ वरच असताना ती टी ट्रेल जवळजवळ संपवते, आणि सत्तरच्या पुढे हँडल थरथरायला लागतं. वाकडी टी ही ट्रेल कमी करायची वस्तू आहे, गाडी लांब दिसावी म्हणून लावायची नाही. गॅरेजचे उस्ताद यावर ठाम: "भिया, पहले गर्दन, फिर टी. उल्टा करोगे तो रोड बताएगा."

पाइपाबद्दलही त्यांचं ऐकावं. लोहामंडीत पाइप ढिगानं मिळतो, पण शॉकअपचा पाइप जोडून लांब करू नका. आत तुकडा घालून वेल्डिंग केलेला पाइप वाकतो तो नेमका जोडावर. अखंड सीमलेस पाइप लेथवर उतरवून, ग्राइंड करून, हार्ड क्रोम करून घ्यायचा. जाडीही बघा. थंडरबर्डचा शॉकअप ४१ मिलिमीटरचा आहे, जुन्या क्लासिकचा ३५ चा. लांब करायचा तर ४१ च घ्या. लांब पाइप ब्रेक मारल्यावर मागे वाकतो हे डोळ्यांना दिसतं, आणि ३५ चा पाहवत नाही. मानेचं वेल्डिंग आर्गन गॅसवर, दोन्ही बाजूंनी गसेट म्हणजे आधाराच्या पट्ट्या लावून, चेसी जिगमध्ये, म्हणजे ती हलू न देणाऱ्या साच्यात, पकडून. जिग नसलेल्या माणसानं कितीही स्वस्त सांगितलं तरी तिथे मान कापू देऊ नका.

आणि हे सगळं बेकायदा आहे. गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२अ कलम आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मान, शॉकअप, हँडल, सायलेन्सर असं मोजत गेलं तर दंडाचा आकडा गाडीच्या रंगकामाच्या पुढे जाईल. अपघात झाला तर विमा कंपनी आधी चेसी बघणार, हे वेगळंच. दादा हे सगळं जाणून गाडी चालवतो. तुम्हाला ते पटत नसेल तर पुढचं फक्त वाचा. ज्याला कागद स्वच्छ हवेत त्यानं कंपनीची क्रूझर घ्यावी, रस्ता तोच आहे.

आम्ही उजाडायच्या आधी निघालो, दादा चॉपरवर आणि मी मागे माझ्या साध्या गाडीवर. ही जोडी ठेवाच. मागची गाडी सामान नेते, यू-टर्नच्या वेळी मागची वाहनं थोपवते आणि मुख्य म्हणजे पुढच्याचं चाक डुगडुगतंय का ते पाहते. चालवणाऱ्याला ते उशिरा कळतं. राजेंद्रनगर ते राऊ हा तुकडा सगळ्यात त्रासाचा. सिग्नलला रांगेतून पुढे घुसता येत नाही. कमी वेगात हँडल एकदा कलंडलं की बाहू भरून येतात. क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलका धरून गाडी ओढत न्यायची, तशी ती सरळ राहते. पोहे-जिलबी घरीच खाऊन निघा. गाडी दुकानापुढे लावून परत वळवणं म्हणजे पाचजणांची मदत आणि पंचवीसजणांचे फोटो.

महू बाजूला टाकून पुढे निघालो की गाडी शांत होते. सत्तर-पंचाहत्तरवर हँडलला हात नुसते टेकवायचे. सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण पावदान पुढे असल्यामुळे खड्ड्यावर पायांवर उठता येत नाही, सगळा दणका कमरेत बसतो. दादाच्या गाडीला मागे शॉकअप आहेत. मागचे शॉकअप काढून टाकलेली गाडी या रस्त्यावर न्यायची असेल तर स्प्रिंगची सीट आणि हाडवैद्याचा नंबर बरोबर ठेवा. ट्रक ओलांडताना वाऱ्याचा झोत चुकवायला थोडं जास्त अंतर सोडा, लांब शॉकअपला तो जाणवतो.

मानपूरला थांबा, चहा घ्या, आणि गाडीचे सगळे नट पाहा. तिथून पुढे गणेश घाट. उतारावर ट्रकांचे ब्रेक जाऊन इथे इतके अपघात झाले की वळसा घालून नवा रस्ता काढावा लागला. उतरताना मागे ट्रक चिकटू देऊ नका, गियर खालचा ठेवा आणि दोन्ही ब्रेक वापरा. चॉपरचं पुढचं चाक हलकं असतं. नुसता पुढचा ब्रेक ओढला तर ते लवकर घसरतं. मागच्या ब्रेकनं साध्या गाडीपेक्षा जास्त काम होतं.

धामनोदला पेट्रोल भरा. छोटी टाकी आहे, आणि रिझर्व्हचा भरवसा नको. तिथून महेश्वर तेरा-एक किलोमीटर. या तुकड्यात चॉपर मी चालवली. अरुंद रस्ता, बैलगाड्या, ट्रॅक्टर, आणि गावागावात स्पीड ब्रेकर. स्पीड ब्रेकर सरळ घ्यायचा, तिरका नाही. पुढचं चाक उतरून जातं तेव्हा तुम्ही अजून अलीकडेच असता, ही सवय व्हायला दोन गावं लागतात.

महेश्वरमध्ये गाडी किल्ल्याच्या चढावर नेऊ नका. बाजाराच्या बाहेरच, सपाट जागा पाहून लावा; उतारच असेल तर पुढचं चाक वरच्या बाजूला ठेवा. घाटावर पायी उतरा. रेहवा सोसायटीचे माग चालू असतील तर वेळ काढा. १९७९ पासून महेश्वरी साडीचं काम पुन्हा उभं राहिलं ते तिथूनच. मुक्काम करावा असं माझं मत. त्याच दिवशी उन्हात घाट चढायचा म्हणजे इंजिनही तापतं आणि माणूसही.

बरोबर काय न्यावं: क्लच आणि ब्रेकची केबल. हँडल उंच आणि शॉकअप लांब, म्हणून दोन्ही केबल खास मापाच्या करून घेतलेल्या असतात, धामनोदच्या दुकानात मिळणार नाहीत. जादा केबल जुन्या केबलच्याच बाजूनं झिपटायनं बांधून ठेवा. तुटली तर दहा मिनिटांत बदलते. हेडलाइटचा कोनही निघण्याआधी रात्री भिंतीवर पाहून घ्या, नाही तर ती झाडांवरच पडते. परत आल्यावर पुढचं चाक जॅकवर उचला आणि शॉकअप खालून धरून मागे-पुढे हलवा. जरा जरी खटखट आली तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) घट्ट करा, आणि स्पोकवर पाना आपटत एक फेरी मारा. ढिली तार लगेच वेगळा आवाज देते.