झेझेला काय पाहायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. क्योटोला राहायला आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना मी एक सकाळ बिवा सरोवराकाठच्या ओत्सु शहरातल्या झेझे किल्ल्याच्या जागेवर नेते. ते घरी परतले की काही दिवसांनी त्यांच्याकडून, किंवा त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहिलेल्या त्यांच्या नातेवाइकांकडून, एकच प्रश्न येतो : जिथे किल्ला म्हणून काहीच उरलेले नाही, तिथे नेण्याचे कारण काय?

प्रश्न रास्त आहे. मूळ मनोरा अजून उभा आहे असे किल्ले जपानमध्ये केवळ 12 राहिले आहेत, आणि त्यांपैकी हिकोनेचा किल्ला याच बिवा सरोवराच्या काठी आहे. गडकोटांवर वाढलेल्या मराठी माणसाला तट, बुरूज, दरवाजा पाहण्याची ओढ असते आणि झेझेला यांतले जवळजवळ काहीच नाही. तिथे एक बाग आहे. आत जाताना किल्ल्याच्या धर्तीवर अलीकडे बांधलेला एक दरवाजा लागतो. मग चेरीची झाडे, काही बाके, जुन्या भिंतीचे थोडे दगड आणि पुढे पाणी. सावकाश चालले तरी अर्ध्या तासात सगळे बघून होते.

तरीही मी तिथेच नेते, कारण हा किल्ला इथे का बांधला आणि इथून का गेला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर समोरच पसरलेले असते, आणि ते म्हणजे हे पाणी.

1600 साली, जपानची सत्ता कुणाकडे जाणार हे ठरवणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईच्या ऐन तोंडावर या परिसराचा मुख्य किल्ला ओत्सुचा होता, झेझेपासून थोडा वायव्येला. ती लढाई पुढे जिंकलेल्या तोकुगावा इएयासूच्या बाजूने क्योगोकु ताकात्सुगु हा सरदार तो लढवत होता. वेढा घालणाऱ्यांनी मागच्या नागारा डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून किल्ल्यावर मारा केला. ताकात्सुगूने आठवडाभर तग धरली आणि ज्या दिवशी सेकिगाहाराची लढाई झाली त्याच दिवशी सकाळी किल्ला सोडला. त्याच्या या चिवटपणामुळे वेढ्यात अडकलेली हजारोंची फौज मुख्य रणांगणावर पोहोचूच शकली नाही, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. इएयासूने मात्र त्यातून दुसराही धडा घेतला. ज्या किल्ल्याच्या डोक्यावर शत्रूला तोफ नेता येते तो किल्ला पुन्हा उभारण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्याने ओत्सुची जागा सोडली आणि 1601 साली झेझेला, थेट सरोवरात घुसलेल्या जिभेसारख्या जमिनीवर, नवा किल्ला बांधायला घेतला. सेकिगाहारानंतर निरनिराळ्या सरदारांना कामाला लावून त्याने उभारलेल्या किल्ल्यांपैकी हा पहिला मानतात. आखणी केली तोदो ताकातोराने, ज्याचे नाव त्या काळच्या दुर्गबांधणीत सगळ्यात वरच्या ओळीत घेतले जाते. जागा हेरण्यात आणखी एक हिशेब होता : एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योटोला जाणारा तोकाइदो मार्ग आणि सेता नदीवरचा पूल, दोन्ही इथून ताब्यात राहत.

बागेच्या टोकाला उभे राहिले की हे सगळे शब्दांवाचून कळते. डोंगर मागे, पुरेसा लांब. पुढे पाणीच पाणी, आणि पलीकडच्या तीरावर मिकामी हा 432 मीटरचा, सुबक त्रिकोणी डोंगर, ज्याला इथले लोक ओमी प्रांताचा फुजी म्हणतात. हिकोनेला हे मनात रचावे लागते, कारण तिथे नजर मनोऱ्यावरच खिळते. इथे नजर अडवायला काहीच नाही.

पण ज्या पाण्याने शत्रूला दूर ठेवले त्याच पाण्याने किल्ला पोखरला. लाटा पायथ्याची भिंत खात राहिल्या आणि डागडुजीचा खर्च संस्थानाच्या गळ्याशी येत राहिला. 1662 च्या मोठ्या भूकंपात इतकी पडझड झाली की दुरुस्ती करताना आतल्या दोन आवारांचे एकच आवार करावे लागले. इथल्या होंदा घराण्याची जहागीर 60,000 कोकू तांदळाची होती (एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ), म्हणजे फार मोठी नव्हे, आणि तिच्यातून दरवर्षी सरोवराशी झगडायचे होते. शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाची मेइजी राजवट आल्यावर 1870 मध्ये झेझेचा किल्ला उतरवला गेला, तेव्हा देशातले बहुतेक किल्ले अजून उभे होते. चार मजल्यांचा मनोरा गेला, आणि लाटांशी चाललेले अडीचशे वर्षांहून जास्तीचे भांडणही मिटले.

मात्सुए, सुवाचा ताकाशिमा आणि झेझे हे जपानचे तीन मोठे सरोवरदुर्ग म्हणून एकत्र सांगितले जातात. मात्सुएचा मनोरा शाबूत आहे. सुवाला 1970 मध्ये मनोरा पुन्हा बांधला, पण मधल्या काळात भर घातल्यामुळे सरोवर दूर गेले आहे. तिथे किल्ला आहे आणि पाणी नाही. झेझेला पाणी आहे आणि किल्ला नाही. दोन्ही पाहिल्यावर मला झेझेच अधिक खरे वाटले.

गेल्या हिवाळ्यात माझी आई आली होती. ती अलिबागची. ओहोटीला वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात जाणे हे तिच्या बालपणी रोजचे होते. तिला मी फारसे काही सांगितले नव्हते. झेझेला तिने मनोरा कुठे होता हे विचारले नाही, ती वाकून उरलेले दगड पाहू लागली आणि म्हणाली, “यांनीही चुना घातलेला नाही का गं?” कुलाब्याच्या तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. जपानी किल्ल्यांच्या भिंतीही अशाच कोरड्या रचतात आणि पाठीमागे लहान दगडगोट्यांचा थर भरतात, म्हणजे मुरलेले पाणी निघून जाते. आम्ही दोघी बराच वेळ त्या दगडांपाशी बसलो. पाण्यावर बदकांचे थवे होते, एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून उभे होते, आणि सरोवरावरच्या ओमी पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज वारा फिरला तरच येत होता. इथे भरती-ओहोटी नाही हे तिला थोडे चुकल्यासारखे वाटले.

मग मी तिला राहिलेला किल्ला दाखवायला नेले, कारण किल्ला सगळा नाहीसा झालेला नाही. उतरवताना त्याचे दरवाजे आसपासच्या देवळांना दिले गेले. बागेकडून स्थानकाकडे परतताना वाटेवरच झेझे देऊळ लागते. त्याचे पुढचे दार म्हणजे किल्ल्याच्या आतल्या भागात नेणारा दरवाजा. थोड्या अंतरावर शिनोझु देवळाला उत्तरेचा मोठा दरवाजा लाभला. दक्षिणेचा दरवाजा तर सरोवर ओलांडून पलीकडच्या मुचिसाकी हाचिमान देवळाला गेला. तिन्ही आज राष्ट्रीय पातळीवर जतन केलेल्या वास्तू आहेत आणि तिन्हींतून माणसे अजून येजा करतात. ज्या दारातून एके काळी परवानगीवाचून कुणाला पाऊल टाकता येत नव्हते, त्यातून आता शाळकरी मुली परीक्षेआधी देवाला नमस्कार करायला जातात. आईने तिथल्या जाड लाकडी खांबावर तळवा टेकवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

गावाच्या नावाविषयीही पाहुणे विचारतात. ‘झेझे’ लिहिताना वापरतात त्या दोन चिन्हांचा अर्थ भोजन आणि स्थान. सम्राट तेंजीने 667 मध्ये राजधानी ओत्सुला आणली तेव्हा राजाच्या ताटातले पदार्थ इथून जात, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठीत हे गाव मुदपाकखान्याचे.

जायचे असेल तर केइहानच्या इशियामा-साकामोतो मार्गावरची दोन डब्यांची गाडी पकडून झेझे-होम्माची स्थानकावर उतरा आणि सरोवराच्या दिशेने सरळ चाला. दहा मिनिटेही लागत नाहीत. चेरीच्या बहरात गर्दी असते, तेव्हा नका जाऊ. थंडीतली, वारा नसलेली, आठवड्याच्या मधली सकाळ निवडा. आधी पाण्याच्या टोकापर्यंत जा, आणि दरवाजे परतीच्या वाटेवर पाहा. वेळ असेल तर ओमी पूल ओलांडून मुचिसाकीलाही जा. तिथून मागे वळून पाहिले की झेझेची ती जिभेसारखी जमीन पाण्यात किती पुढे आली आहे ते दिसते. आईने तिथून काढलेले एक छायाचित्र आता अलिबागच्या घरात, कुलाब्याच्या छायाचित्राशेजारी लावले आहे.