कॅन्सर आहे, तरी ऑपरेशन नको?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारतात बहुधा घरचे: रिपोर्टात प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर आलाय आणि डॉक्टर नुसती देखरेख, म्हणजे लगेच उपचार न करता ठरावीक तपासण्या, म्हणतात, ही टांगती तलवार घेऊन माणसाने जगायचं कसं?

पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) १० च्या खाली, ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत पेशी किती बिघडलेल्या दिसतात याचा आकडा) ६, तपासताना गाठ बोटाला लागत नाही किंवा प्रोस्टेटच्या एका बाजूच्या निम्म्याहून कमी भागात आहे, अशा कमी जोखमीच्या कॅन्सरबद्दलच हे बोलणं आहे. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' चाचणीत १,६४३ पुरुष देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत वाटले होते. बरेचसे कमी जोखमीचे, सगळे नव्हेत. १५ वर्षांत या कॅन्सरने गेलेले अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. कॅन्सर अंगात पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत ९.४ टक्के, तर ऑपरेशनच्या गटात ४.७. हे लपवू नये. पण तिथली देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची. आता जोडीला एमआरआय आणि ठरावीक काळाने बायोप्सी असते.

जगण्यातला फरक त्याच चाचणीत दिसतो. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ४६ टक्के लघवीसाठी पॅड वापरत होते, देखरेखीतले ४ टक्के. संबंधांपुरती ताठरता ऑपरेशननंतर १२ टक्क्यांना उरली होती, देखरेखीत ५२ टक्क्यांना. पुढे वयामुळे ती सगळ्याच गटांत उतरत गेली, तेव्हा देखरेखीने तारुण्य टिकतं असं समजू नका.

रात्री लघवीला चारदा उठावं लागतं, ते बहुतेक वेळा कॅन्सरमुळे नसतं. वयाबरोबर प्रोस्टेट वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. कमी जोखमीचा कॅन्सर सहसा काही त्रास देत नाही. तरी कित्येक जण 'कॅन्सर आहे, सोसलं पाहिजे' म्हणून झोप घालवत बसतात. लघवी मोकळी होण्यासाठीची टॅमसुलोसिन गोळी रात्री जेवणानंतर घेतात; उठताना चक्कर येऊ शकते, वीर्य कमी पडतं. मोतिबिंदूचं ऑपरेशन असेल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं. प्रोस्टेट लहान करणारं फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड दिलं तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्मा होतो. तो आकडा पाहून पेढे वाटू नका. रिपोर्टावर गोळीचं नाव लिहून ठेवा.

मनाची ओढाताण होते ती पीएसएच्या तारखेभोवती. तपासणी साधारण सहा महिन्यांनी पुरते. मनाला चैन पडत नाही म्हणून दर महिन्याला रक्त देणारे उगाच घाबरतात, कारण ४.८ चा ५.३ होणं हा नेहमीचा चढउतार आहे. लॅब एकच ठेवा. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल तर बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. आणि रक्त देण्याची तारीख डॉक्टरांच्या भेटीच्या दोन-तीन दिवस आधीचीच घ्या, म्हणजे फोनवर आलेला आकडा आठवडाभर एकट्याने चघळत बसावं लागत नाही.

बायोप्सीची धास्ती खरी आहे. सुई गुदद्वारातून घालतात किंवा अंडकोश आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून. दुसऱ्या पद्धतीत संसर्गाचा धोका कमी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. नंतर लघवीत काही दिवस, वीर्यात काही आठवडे रक्त दिसतं, बायकोलाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

आणि देखरेख कधी सोडायची? एकट्या पीएसएच्या उडीवर नाही. आधी तीच तपासणी पुन्हा, मग एमआरआय, मग बायोप्सी. तिच्यात ग्लीसन ७ किंवा वर आलं की उपचारांचं बोलणं सुरू होतं. 'प्रोटेक्ट'मध्ये देखरेखीतल्या ६१ टक्के लोकांनी १५ वर्षांत कधी ना कधी उपचार घेतलेच. काही जण रिपोर्ट चांगला असूनही निव्वळ काळजीने थकून ऑपरेशन मागतात. आमच्या मते तेही कारण खरंच आहे, फक्त तो निर्णय पीएसए आलेल्या आठवड्यात घेऊ नये.