नागपुरात फ्री डिशची छत्री बसवताना

दूरदर्शन फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून. नागपुरातून तो होकायंत्रावर साधारण १४५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेपेक्षा किंचित दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून ६० अंश उंच. इतका उंच असल्याने शेजारची दुमजली इमारत सहसा आड येत नाही. कडुनिंबाची फांदी मात्र येते, आणि ती दरवर्षी वाढते.

गंमत म्हणजे ६० अंश असूनही छत्री आकाशाकडे ताठ बघताना दिसत नाही. ६० सेंमीची छत्री ऑफसेट असते. तिची नजर तोंडाच्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. हे माहीत नसलेला माणूस ती उताणी करतो आणि तासभर सिग्नल शोधत बसतो.

छत्री ज्यावर बसते तो पाइप आधी ओळंब्यात हवा. तो कलला की छत्री फिरवताना उंचीचा कोनही बदलत जातो, दोन्ही एकदम जुळतच नाहीत. पाया विटांच्या कठड्यात नको, स्लॅबमध्ये अँकर बोल्टने धरा. मे महिन्यातल्या वादळात कठड्याच्या विटांतले बोल्ट हलतात. दोन-तीन अंश सरकलं की चित्र गेलं. जहाजावरच्या डिशला डोलताना उपग्रह धरून ठेवायला मोटारी लागतात. आपल्याला नट पुरतात, फक्त ते घट्ट हवेत.

एलएनबी म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा. त्याचा पीळ बहुतेक जण विसरतात. छत्रीमागे उभं राहून उपग्रहाकडे बघा आणि एलएनबी साधारण ३३ अंश घड्याळाच्या उलट फिरवा. मग सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर ‘स्ट्रेंथ’ नाही, ‘क्वालिटी’ बघत छत्री हळूहळू सरकवा. स्ट्रेंथ चुकीच्या उपग्रहावरही भरपूर दिसते. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर छत्री हलते. क्वालिटी जेमतेम असेल तर कोरड्या दिवशी चित्र छान दिसेल, पण जुलैच्या पहिल्या मुसळधार सरीतच जाईल.

केबल आरजी-६, जोड एफ कनेक्टरचा. एलएनबीखाली केबलला एक लोंबता वळसा द्या, पाणी तिथूनच गळून जाईल. इथल्या उन्हात वरचं प्लास्टिक तडकतं, मग पाणी आत शिरतं. तांबं हिरवं पडलं असेल तर तो तुकडा कापूनच टाका.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहामागे येतो. काही मिनिटं चित्र जातं, छत्रीला हात लावू नका. जागा निवडायची असेल तर याच वेळी गच्चीवर जा: जिथे ऊन पडलंय, तिथून उपग्रह दिसतो.